हिशेबाच्या नोकरीतली धास्ती आणि वैताग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस वर्षं हिशेबाच्या टेबलाशी काढली. पहिली सात ऑडिटमध्ये, पुढची एका कंपनीच्या लेखा विभागात. नवी मुलं-मुली तेच तेच विचारतात, आणि अलीकडे माझ्या बरोबरीचेही विचारायला लागलेत. म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. क्रमाला अर्थ नाही. जसे आठवले तसे प्रश्न घेतलेत.

महिनाअखेर जवळ आली की पोटात गोळा येतो. सगळ्यांचं असंच होतं, की मीच कच्चा?

बहुतेकांचं होतं. पण गोळा कशानं येतो ते एकदा नीट बघा. आकड्यांनी क्वचितच येतो. घसारा, व्याजाची तरतूद, आगाऊ भरलेल्या विम्याचा या महिन्याचा हिस्सा, ही कामं सरावानं हातावेगळी होतात. रखडतं ते दुसऱ्याच्या हातातलं: खरेदीवाल्यांनी न पाठवलेली बिलं, गोदामातला साठ्याचा आकडा, विक्रीवाल्यांनी ग्राहकाला तोंडी कबूल केलेली आणि कुठेच न लिहिलेली सूट. रांगेत आपण शेवटचे. पुढच्या प्रत्येकानं एकेक दिवस खाल्ला की तो सगळा उशीर आपल्या टेबलावर येऊन साचतो, आणि अहवालाची तारीख काही हलत नाही. वरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की अकाउंट्समुळे अडलंय.

मी एकदा तीन महिने एक साधा तक्ता ठेवला. कुठला कागद, कुणाकडून, कधी यायचा होता, कधी आला. शेरा नाही, तक्रार नाही. तिसऱ्या क्लोजिंगनंतर, म्हणजे तिसऱ्या महिन्याचे हिशेब बंद केल्यावर, तो साहेबांपुढे ठेवला. पाच दिवसांपैकी जवळजवळ तीन दिवस आम्ही नुसती वाट बघत होतो, आणि त्यातले दोन एकाच गोदामाच्या आकड्यासाठी. खोलात गेल्यावर कळलं की तिथला माणूस साठा पहिल्याच दिवशी मोजून वहीत लिहून मोकळा व्हायचा. पण फाइल पाठवायचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते त्या गोदामात आठवड्यातून दोनदाच यायचे. वहीच्या पानाचा फोटो आधी पाठवायचा आणि फाइल मागाहून, असं ठरलं. तेवढ्यानं दोन दिवस सुटले. ती गोष्ट विचारायला आम्हाला चार वर्षं लागली होती, हे लिहितानाही लाज वाटते.

तक्ता ठेवा, पण पहिल्याच महिन्यात कुणाला दाखवू नका. एका महिन्याचा तक्ता आरोपपत्रासारखा वाचला जातो.

बँक जुळवणीत, म्हणजे आपल्या वहीतली आणि बँकेकडची शिल्लक ताडताना, फरक राहतोय. रात्री बसून शोधू की घरी जाऊ?

एक तास पद्धतशीर शोधा, मग घरी जा. पूर्वी तेरीजच, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादीच, जुळायची नाही. आता सॉफ्टवेअर एकतर्फी एन्ट्री घेत नाही, त्यामुळे तेरीज जुळतेच, आणि लोक त्यावरच खूष होतात. फरक निघतो तो बँकेत, किंवा खात्याची शिल्लक आणि त्याची पार्टीवार यादी यांच्यात.

त्या तासात तीन गोष्टी करायच्या. फरकाएवढीच रक्कम कुठे आहे का बघायचं. मग फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण नावेऐवजी जमा पडली की फरक दुप्पट दिसतो. मग ९ ने भागून बघायचं. नि:शेष भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाल्याचा दाट संशय.

एकदा ५४० चा फरक घेऊन मी रात्री अकरापर्यंत बसले होते. ९ ने भाग जातो हे कळलं होतं, पण तिथेच थांबले. पुढचं गणित सुचलं सकाळी. शतकाचा आणि दशकाचा अंक उलटले की फरक त्यांच्यातल्या अंतराच्या ९० पट येतो, आणि ५४० भागिले ९० म्हणजे ६. म्हणजे शतकाच्या आणि दशकाच्या जागी असे दोन अंक, ज्यांच्यात सहाचं अंतर आहे. अशा जोड्या चारच: ६०, ७१, ८२, ९३, किंवा त्याच उलट. यादीवरून नुसतं बोट फिरवलं आणि पाच मिनिटांत २,८२६ च्या जागी टाकलेले २,२८६ सापडले. रात्रीचे साडेतीन तास मी प्रत्येक ओळ वाचत होते, आणि ती ओळही नक्कीच वाचली असणार.

एक धोक्याची सूचना. फरक किरकोळ आहे म्हणून, तो कशानं आला हे न कळताच, किरकोळ खर्चात टाकू नका. ४० चा फरक म्हणजे ४० ची चूक असेलच असं नाही. एकीकडे ९०,००० जास्त आणि दुसरीकडे ८९,९६० कमी, असंही असू शकतं.

सीझनमध्ये आठवड्याला साठ-सत्तर तास होतात. आमचे वरिष्ठ म्हणतात, आम्हीही असंच केलं. मग हे चालायचंच का?

त्यांनी केलं हे खरं आहे. ते अंगाला लागलं नाही, हे मात्र त्यांनाही ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. 'आम्हीही केलं' या वाक्यात हे आकडे बसत नाहीत.

तरीही ऑडिटमध्ये सीझन असणार. सगळ्यांची वर्षअखेर एकाच सुमाराला येते, त्याला कुणाचा इलाज नाही. माझा निकष साधा आहे. सीझन संपतो का? संपल्यावर साठलेल्या सुट्ट्या खरोखर मिळतात का? मुलाखतीत हाच प्रश्न विचारा: गेल्या सीझननंतर तुमच्या टीममधल्या किती जणांनी सलग आठवडाभर सुट्टी घेतली? उत्तर यायला वेळ लागला की समजायचं.

आणि थकवा कुठला ते ओळखा. झोप काढल्यावर जातो तो साधा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे. त्याच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. मला दुसरी खूण जास्त धोक्याची वाटते. क्लायंटचा फोन वाजताच मनात शिवी उमटायला लागली, आणि शिवी उमटली याचंही काही वाटेनासं झालं, तर सीझन संपायची वाट बघू नका. कुणाशी तरी बोला. डॉक्टरांशी बोललात तर उत्तमच.

टाइमशीटवर खरे तास लिहू नका, बजेट ओलांडतं, असं सांगतात. काय करू?

खरे लिहा. एका कामाला तीस तासांचं बजेट आहे, तुम्हाला बेचाळीस लागले, तुम्ही तीसच लिहिले. पुढच्या वर्षी बजेट कुणी वाढवेल का? तीसच राहील, कदाचित अठ्ठावीस होईल. तुमच्या जागी जो येईल तो बारा तास गिळूनच सुरुवात करेल आणि स्वतःला मंद समजेल. मी पहिल्या वर्षी स्वतःला मंद समजत होते. माझ्या आधीच्या मुलीनं तास गिळले होते हे दोन वर्षांनी तिनंच हसत सांगितलं.

'खरे लिहिते, बिलातून किती वगळायचे ते तुम्ही ठरवा' हे वाक्य शांतपणे म्हणता येतं. वगळण्याचा अधिकार पार्टनरचा, म्हणजे फर्मच्या भागीदाराचा, लपवण्याचा कुणाचाच नाही. दुसऱ्यांच्या नोंदी तपासून पोट भरणाऱ्यांनी स्वतःची नोंद खोटी ठेवावी, हा विनोद मला कधीच झेपला नाही.

रिव्ह्यू नोट्स, म्हणजे वरिष्ठांनी फाइल तपासून लिहिलेले शेरे, वाचून रडू येतं. चाळीस-चाळीस शेरे असतात.

शेरे मोजू नका, प्रकार मोजा. चाळीसमधले पंचवीस 'संदर्भ क्रमांक घाला' छापाचे असतील. चार-पाच खरे असतात: हा निष्कर्ष कशावरून काढलास, हा नमुना का निवडलास. तेवढे वहीत उतरवून घ्या, पुढच्या फाइलला त्यांच्यापासून सुरुवात करा. शेरा माणसावर असेल, 'एवढंही कळत नाही' अशा तऱ्हेचा, तर तो शेरा नव्हे, आणि तसं एकदा तोंडावर सांगायला हरकत नाही.

एआय आलं. आमची नोकरी जाणार का?

या प्रश्नाला इतिहास आहे. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबॉर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसायांची यादी करून कुठल्या कामाचं यांत्रिकीकरण होण्याची शक्यता किती, याचा अंदाज मांडला. हिशेबनीस कारकुनांच्या पुढे ९८ टक्के होते, लेखापाल आणि ऑडिटरांच्या पुढे ९४. वेळ दिला होता साधारण एक-दोन दशकांचा. एक दशक उलटून गेलं. टेबलं रिकामी झाली नाहीत, टेबलावरचं काम बदललं. त्याही आधी, १९७९ मध्ये, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क हे संगणकावर तक्ते मांडायचं सॉफ्टवेअर आलं. एक आकडा बदलला की अख्खा तक्ता आपोआप बदलायला लागला. तोवर तो तक्ता खोडून पुन्हा मांडण्यातच माणसाचा दिवस जायचा. त्यानंतर साहेबलोक एका अंदाजपत्रकावर खूष राहीनात, दहा मागायला लागले. काम काही कमी झालं नाही.

पण 'तेव्हा काही झालं नाही, आताही होणार नाही' असं म्हणून मी तुम्हाला झोपवणार नाही. बिल वाचणं, खातं सुचवणं, पैसे आणि पावती यांची जोडी लावणं, हे यंत्र आजच बऱ्यापैकी करतं. ज्यांचा अख्खा दिवस यातच जातो त्यांची धास्ती खरी आहे.

यंत्र कुठे अडखळतं त्याचा एक नमुना. आमच्याकडे छताच्या कामाचं बिल आलं. प्रोग्रामनं ते दुरुस्ती खर्चात टाकलं, कारण त्या ठेकेदाराची आधीची अकराच्या अकरा बिलं दुरुस्तीचीच होती. तर्क चुकीचा नव्हता. रक्कम जरा मोठी वाटली म्हणून मी साइटवर फोन केला. पलीकडचा म्हणाला, 'दुरुस्ती कसली मॅडम, जुनं छत उतरवून सगळं नवं घातलं, आता वीस वर्षं बघायला नको.' म्हणजे तो खर्च नव्हे, मालमत्ता. वीस वर्षांत विभागायची रक्कम एका महिन्याच्या नफ्यातून वजा होणार होती. ते बिलावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, 'छताचे काम' एवढेच दोन शब्द होते. ते कळायला फोन करावा लागला, आणि त्याआधी रक्कम खटकावी लागली.

माझी खरी काळजी इथेच आहे. रक्कम खटकायला मी शिकले कुठे? हजारो कंटाळवाणी बिलं हातानं टाकून. ती बिलं आता नव्या मुलांच्या हातात पडणारच नाहीत. त्यांना मी सांगते, दर महिन्याला वीस बिलं उचला, यंत्राचं उत्तर झाकून ठेवा, आपलं लिहा, मग ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथे कोण बरोबर हे विचारायला जा. वरिष्ठांनी या तासाला वेळेचा अपव्यय म्हटलं तर चूक त्यांची आहे.

वरिष्ठ म्हणतात, 'एवढी एक एन्ट्री टाक, पुढच्या महिन्यात उलटवू.' नाही म्हटलं तर नोकरी जाईल.

आधी खात्री करा की हा अंदाजातला मतभेद आहे की खोटेपणा. बुडीत कर्जाची तरतूद पाच टक्के की सात, यावर दोन प्रामाणिक माणसं भांडू शकतात. पुढच्या महिन्यात जाणारा माल या महिन्यात विकला असं दाखवणं, यात भांडण्यासारखं काही नाही.

मग दोन प्रश्न विचारा, आवाज न चढवता: याचा आधार कुठला कागद, आणि मंजुरी कुणाची? पुष्कळदा प्रकरण इथेच विरतं. नाही विरलं, तर बोलणं झालं तसं मेल करून ठेवा: 'आज आपलं असं बोलणं झालं, मला आधार मिळालेला नाही, त्यामुळे मी एन्ट्री टाकलेली नाही.' पुढची पायरी म्हणजे त्यांच्या वरचे, ऑडिट समिती, तक्रारीची अंतर्गत सोय, तुमच्या व्यावसायिक संस्थेचा नीतिविषयक सल्ला, आणि गरज पडली तर वकील. कागद उचलून घरी मात्र नेऊ नका. आधी सल्ला घ्या. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय नीतिसंहितेची मूलतत्त्वं पाच आहेत: सचोटी, निष्पक्षता, व्यावसायिक क्षमता आणि दक्षता, गोपनीयता, व्यवसायाला साजेसं वर्तन. गोपनीयतेचा धाक घालून गप्प बसवतात, म्हणून हे माहीत असू द्या: कायदा मोडला जात असल्याचं दिसलं तर काय करायचं याचे नियम त्या संहितेत २०१७ पासून लागू आहेत, आणि काही परिस्थितीत बाहेर कळवण्याची मुभाही त्यात आहे.

'एवढी एकच' या दोन शब्दांचं काय होतं ते वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत दिसलं. इतर कंपन्यांच्या टेलिफोन लाइन वापरल्याचा रोजचा खर्च उचलून मालमत्तेत टाकला गेला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत ऑडिट टीमनं तो शोधून काढला आणि जून २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरचा आकडा जाहीर झाला. पुढे तो आणखी फुगला. मुख्य अधिकाऱ्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. पण माझ्या डोक्यात राहते ती मधल्या फळीतली लेखापाल. वरून सांगितलं म्हणून, मन खात असताना, तिनं तिमाहीमागून तिमाही एन्ट्री टाकल्या. २००५ मध्ये तिला ५ महिने कैद झाली. त्या फुगवलेल्या नफ्यातलं तिच्या वाट्याला फारसं काही आलंही नव्हतं.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. जात नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीत एकीची गेली. तिला दुसरी मिळायला पाच महिने लागले आणि ते महिने वाईट गेले. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असणं ही आपल्या धंद्यात चैन नव्हे, हत्यार आहे.

अहवाल गेला आणि मग माझी चूक सापडली. कुणाला कळलेलं नाही.

आजच सांगा. उद्या सांगितलंत तर 'काल का नाही' हाही प्रश्न येतो, आणि तो चुकीपेक्षा जड पडतो. जाताना तीन गोष्टी घेऊन जा: चूक काय, रक्कम किती, दुरुस्तीची एन्ट्री कुठली. आणि घाबरताना एवढं आठवा की मागच्या वर्षाच्या चुका कशा दुरुस्त करायच्या याचे नियम आंतरराष्ट्रीय लेखामानक ८ मध्ये रीतसर लिहून ठेवलेले आहेत. ज्या धंद्यानं चुकीसाठी मानक लिहिलं, त्याला चुका होतात हे माहीत आहे.

परीक्षेत पुन्हा नापास. बरोबरीचे पुढे गेले.

एक पेपर तीनदा गेला असेल तर चौथ्यांदा तीच पुस्तकं तशीच वाचू नका. मागची उत्तरपत्रिका मिळण्याची सोय असेल तर ती मागवा आणि गुण कुठे सांडले ते बघा. मला ज्ञान कमी नव्हतं. पहिल्या प्रश्नावर पन्नास मिनिटं घालवून शेवटचा कोरा सोडायची सवय होती. घड्याळ लावून चार पेपर लिहिले आणि सुटले. आणि पदवीचं शेपूट नसतानाही हिशेबात उत्तम काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. सही करायचा अधिकार त्यांना नाही, हे मात्र तितकंच खरं.

ऑडिट सोडून कंपनीत जाऊ का?

एखादं काम सुरुवातीपासून सहीपर्यंत स्वतः चालवून झालं असेल तर जा. त्याआधी गेलात तर नुसतीच टिक मारायची सवय घेऊन जाता. तिकडे शांतता असेल या समजुतीत राहू नका. ऑडिटमध्ये वर्षाचा डोंगर एकदा चढायचा असतो, कंपनीत दर महिन्याला टेकडी. फरक असा की ऑडिटमध्ये तुम्ही चूक दाखवून घरी जाता, कंपनीत ती निस्तरायला तुम्हीच असता. मला निस्तरणं आवडतं, म्हणून रमले.

पगार वाढत नाही. 'तुमचा विभाग कमावत नाही, नुसता खर्च' असं ऐकवतात.

मग कमावल्याचा हिशेब ठेवा. आपल्याला तरी ते जमायला हवं. दोनदा दिलं जाणार होतं ते बिल थांबवलं, किती? वसुली साठ दिवसांवरून पन्नासवर आणली, त्यानं व्याज किती वाचलं? ऑडिटरांनी काढलेले मुद्दे गेल्या वर्षी किती, यंदा किती? वर्षभर एका पानावर लिहीत जा आणि पगाराच्या बोलण्याला ते पान घेऊन जा. 'मी खूप मेहनत करते' हे वाक्य त्या खोलीत सगळेच म्हणतात. पान दाखवूनही काही झालं नाही, तर तेच पान दुसरीकडच्या मुलाखतीत उपयोगी पडतं.

मला हे काम आवडतच नाही असं वाटतंय. चुकीचं क्षेत्र निवडलं का?

काम आवडत नाही, की हे टेबल? एक दिवस असा आठवा की कागद वेळेवर आले, कुणी ओरडलं नाही, आणि दुपारी तुम्ही एका खात्यात शिरून काहीतरी उलगडलंत. त्या दिवशीही कंटाळा आला असेल तर क्षेत्राचा विचार करा, आणि त्यात कमीपणा नाही. असा दिवसच आठवत नसेल तर आधी टेबल बदलून बघा.

राजीनामा द्यायचं ठरलंय. क्लोजिंग संपल्यावर देऊ?

कुठलं क्लोजिंग? हे संपलं की पुढचं, मग तिमाही, मग वर्षअखेर, मग ऑडिट. नोटिशीची मुदत बघा, तारीख ठरवा, द्या. मुदतीतले शेवटचे आठवडे हस्तांतराच्या फाइलला द्या: कुठली जुळवणी कोणत्या तारखेपर्यंत झाली, कुठली तरतूद कशाच्या आधारावर आहे, कुणाकडून कुठला कागद मागावा लागतो आणि तो कितव्या आठवणीला येतो. सस्पेन्समध्ये, म्हणजे मूळ न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, तीन वर्षं पडलेली ती एक रक्कम, जिचं मूळ तुम्हालाही सापडलं नाही, तीही लिहा. मी नोकरी बदलली तेव्हा माझ्या आधीच्या माणसानं ती लिहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात मी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, 'हां, ती... मलाही तशीच मिळाली होती.'